रक्तदाबासाठी जीवनशैली बदलायची, म्हणजे नेमके काय करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय बावन्न, काम बैठे. तीन महिन्यांपूर्वी तपासणीत रक्तदाब १५४/९६ निघाला, तेव्हा मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा, ताण घेऊ नका असे सांगून एक माहितीपत्रक हातात दिले गेले. ते सगळे पाळूनही परवाचा आकडा १५०/९४ आला आणि आता डॉक्टर गोळी सुरू करू म्हणतात. जीवनशैलीने रक्तदाब खरोखर उतरतो का, उतरत असेल तर तुमचा का उतरला नाही, आणि आणखी सहा महिने नेटाने प्रयत्न केल्यास गोळी टळेल का, असे तुम्ही विचारले आहे. घरातला स्वयंपाक सर्वांसाठी एकत्रच होतो, त्यामुळे वेगळे पथ्य सांभाळणे अवघड जाते, हेही तुम्ही लिहिले आहे आणि माझ्या दृष्टीने पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

रक्तदाब जीवनशैलीने उतरतो, याबद्दल शंका नाही. मात्र माहितीपत्रकाने तो उतरत नाही. इतकी वर्षे रुग्ण पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की बहुतेकांना माहिती कमी पडत नाही. स्वतःचा खरा आकडा माहीत नसणे, नेमका कोणता बदल आणि किती करायचा हे न ठरणे, आणि ठरल्यावर कोणीही पुन्हा विचारायला न येणे, या तीन गोष्टी आड येतात. आरोग्यशिक्षण करायचे तर ते या तीन ठिकाणी करायला हवे.

सुरुवात आकड्यापासून करू. १५४ वरून १५० झाले म्हणजे थोडा फरक पडला, असे तुम्ही लिहिता. दोन वेगवेगळ्या दिवशी एकेकदा घेतलेल्या मापांतल्या चार मि.मी. (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) फरकाला काहीच अर्थ नसतो. तो सुधार नव्हे आणि अपयशही नव्हे. माणूस जिना चढून येतो, घाईने बाही वर सारतो, पट्टा फुगत असतानाच तक्रारी सांगू लागतो आणि हात मांडीवर लोंबत ठेवतो. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. मापन चालू असताना बोलल्याने वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. दंड हृदयाच्या पातळीखाली दहा सेंटीमीटर असेल, तर केवळ त्यामुळे सात-आठ मि.मी. जास्त दिसतात. पट्ट्याचा आकार तर फारच कमी जण पाहतात. ज्यांच्या जाड दंडाला सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचा आकडा वीसपर्यंतही फुगलेला येतो. अशा मापावर कोणी गोळी सुरू केली किंवा बंद केली, तर तो निर्णय पायाशिवाय घेतलेला असतो.

म्हणून घरी मोजा. दंडावर बांधायचे, पडताळणी झालेले स्वयंचलित यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रे सोपी वाटली तरी हाताच्या स्थितीने त्यांचा आकडा सहज बदलतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळा, लघवीला जाऊन या, पाठ टेकून आणि पाऊले जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. पायावर पाय नको. दंड उघडा आणि टेबलावर हृदयाच्या पातळीला टेकलेला असू द्या. सलग सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन मापे घ्या. पहिल्या दिवसाची मापे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यातला उच्च रक्तदाबाचा उंबरठा बहुतेक ठिकाणी १४०/९० मानतात, काही मार्गदर्शक सूचना तो १३०/८० धरतात. घरच्या सरासरीसाठी १३५/८५ हा उंबरठा वापरला जातो. काहींचा रक्तदाब फक्त दवाखान्यात वाढतो. काहींचा उलट तिथे ठीक येतो आणि घरी वाढलेला असतो. ही दुसरी मंडळी अधिक धोक्यात असतात, कारण त्यांना कोणी शोधतच नाही.

आता किती उतरतो ते पाहू. आहाराबद्दलचा सर्वांत भक्कम पुरावा १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अमेरिकी प्रयोगातून आला. फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दुग्धपदार्थ भरपूर, तर संपृक्त चरबी कमी, असा आहार आठ आठवडे दिला गेला. मीठ आणि वजन मुद्दाम होते तेवढेच ठेवले होते. तरीही ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता, त्यांच्यात वरचा आकडा सरासरी ११.४ आणि खालचा ५.५ मि.मी.ने उतरला. हे एका गोळीच्या परिणामाइतके आहे. मात्र हा आकडा सांगताना एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. त्या प्रयोगात लोकांना जेवण तयार करून दिले जात होते. पुढे २००३ साली ‘प्रीमियर’ या प्रयोगात समुपदेशन करून खरेदी, स्वयंपाक आणि निवड लोकांच्याच हाती ठेवली, तेव्हा या आहाराचा वेगळा असा लाभ बराच आकसला. आहार तोच होता, त्याचे शास्त्रही तेच होते. फरक होता तो स्वयंपाकघर कोणाचे, एवढाच. तुमच्या तीन महिन्यांत काय घडले असावे, त्याचे उत्तर मला इथे दिसते.

त्यामुळे माझा पहिला व्यावहारिक सल्ला असा की, पुढच्या भेटीला एकटे जाऊ नका. घरात जी व्यक्ती खरेदी करते आणि जी स्वयंपाक करते, त्यांना बरोबर न्या. पथ्य तुमचे, पण मीठ घालणारा हात दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तर तुम्हाला दिलेला सल्ला चुकीच्या माणसाला दिलेला असतो. वेगळे शिजवण्याचीही गरज नाही. कमी मिठाचा स्वयंपाक घरातल्या जवळजवळ सर्वांना हिताचाच आहे. कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्षार कमी होण्याचा त्रास असेल, तरच त्याबद्दल स्वतंत्रपणे विचारा.

मिठावर मी जरा अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. मीठ वाढले की शरीर सोडियमबरोबर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि कालांतराने रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही वाढतो. वयाबरोबर आणि मूत्रपिंडाची क्षमता उतरते तशी ही संवेदनशीलता वाढत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, अशी मर्यादा सुचवली आहे. ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यात दिवसभरातले सगळे मीठ आले.

‘आम्ही मीठ कमीच खातो’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकायला मिळते. त्यावर मी वाद घालत नाही, एकच प्रश्न विचारतो: मिठाचे एक किलोचे पाकीट घरात किती दिवस पुरते? चार माणसांच्या घरात ते महिनाभरात संपत असेल, तर हजार भागिले तीस, भागिले चार, म्हणजे माणशी रोज सव्वाआठ ग्रॅम झाले. थोडे वाया गेले, थोडे भांड्याला लागून राहिले असे धरले, तरी मर्यादा ओलांडलेलीच असते. शिवाय यात बाहेरून आलेले मीठ धरलेलेच नाही. उलट तेच पाकीट पन्नास दिवस पुरू लागले, तर घरातले मीठ माणशी पाच ग्रॅमवर आले. पाकीट उघडल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवायची, एवढेच करायचे आहे. माझ्या अनुभवात या एका तारखेने जेवढे काम होते, तेवढे तासभराच्या व्याख्यानाने होत नाही, कारण ती तारीख सगळ्या घराला दिसते.

बाहेरचे मीठ वेष्टनावर वाचावे लागते. तिथे बहुधा सोडियम मिलीग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे ४०० मिलीग्रॅम सोडियम हे साधारण एक ग्रॅम मीठ. १०० ग्रॅम पदार्थात ६०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त सोडियम असेल तर तो पदार्थ खारट समजावा, १२० मिलीग्रॅमच्या आत असेल तर कमी मिठाचा. जीभ इथे फसवते. ब्रेड, बिस्किटे, तयार सूप, सॉस आणि चीज खारट लागत नाहीत, तरी त्यांतून बरेच सोडियम जाते. बेकिंग सोड्यातही सोडियमच असते, आणि पाण्यात फसफसणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांतही. गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सैंधव यांच्यात सोडियम जवळजवळ तितकेच असते, त्यामुळे त्यांच्यावर जास्त पैसे घालवून रक्तदाबाला काही मिळत नाही.

पोटॅशियमयुक्त मिठाची गोष्ट निराळी आहे. चीनच्या ग्रामीण भागातल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले. पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. त्या लोकांना वेगळा स्वयंपाक शिकवावा लागला नाही, फक्त डब्यातले मीठ बदलले. पण हे मीठ सर्वांसाठी नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे पोटॅशियम राखणारे औषध चालू असेल, तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. रक्तदाबाच्या नेहमीच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनने, पोटॅशियम वाढते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमची तपासणी करून आणि डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करा.

मीठ हळूहळू उतरवा. एकदम बंद केले की जेवण बेचव लागते आणि आठवड्याभरात घरचे सगळेच कंटाळतात. जीभ काही आठवड्यांत रुळते, त्यानंतर पूर्वीचेच जेवण खारट लागू लागते. दिवसाला साधारण साडेचार ग्रॅम मीठ कमी केले आणि ते निदान महिनाभर टिकवले, तर वाढलेल्या रक्तदाबाच्या लोकांत वरचा आकडा सरासरी पाच मि.मी.च्या थोडा वर उतरतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. काहींचा दहाने उतरतो, काहींचा दोनने. तुम्ही कोणत्या गटात आहात, ते तुमची नोंदवहीच सांगेल.

वजनाबद्दल थोडक्यात. जास्तीचे वजन असेल तर दर किलोमागे साधारण एक मि.मी. उतरतो असा ढोबळ हिशेब आहे. व्यायामाबाबत आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हे किमान लक्ष्य ठेवा. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा आहे. नियमित चालणाऱ्यांत वरचा आकडा पाच ते आठ मि.मी.ने उतरतो, मात्र चालणे थांबवले की लाभही काही आठवड्यांत ओसरतो. रक्तदाब बराच वाढलेला असताना श्वास रोखून जड वजन उचलू नका. छातीत दुखत असेल किंवा थोड्या श्रमाने दम लागत असेल, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. मद्य घेत असाल तर जितके कमी तितके बरे. तंबाखू सोडल्याने घरच्या सरासरीत कदाचित मोठा फरक दिसणार नाही, आणि त्यामुळे काही जण ‘मग सोडून काय उपयोग’ असे म्हणतात. आपण रक्तदाब उतरवतो तो हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी. ते दोन्ही तंबाखूने वाढतात, तेव्हा हा युक्तिवाद टिकत नाही.

‘ताण घेऊ नका’ या सल्ल्याचे मला कधीच कौतुक वाटलेले नाही. ताण कोणी हौसेने घेत नाही. शिवाय हा सल्ला ऐकून रुग्ण आपला रक्तदाब केवळ ताणाने वाढला अशी समजूत करून घेतो आणि मीठ, वजन, गोळ्या या हाताशी असलेल्या उपायांकडे पाठ फिरवतो. त्याऐवजी झोपेबद्दल विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचे कोणाच्या लक्षात आले आहे का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का? उत्तर होय असेल तर झोपेतल्या श्वसनरोधाची तपासणी करून घ्या, कारण त्याकडे दुर्लक्ष झाले तर बाकीचे उपाय अर्धवट लागू पडतात.

औषधांच्या डब्याकडेही एकदा पाहा. सांधेदुखीसाठी किंवा डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वारंवार घेतल्या जातात. सर्दीत नाक मोकळे करणारी औषधे, स्टेरॉइड आणि काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही रक्तदाब वाढतो. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनानेही तो वाढतो, ही गोष्ट ते ‘नैसर्गिक’ असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टरांनी दिलेले कोणतेही औषध परस्पर बंद करू नका, पण ही यादी त्यांना जरूर दाखवा.

आता गोळीचा प्रश्न. गोळी आणि जीवनशैली यांतले एक निवडायचे आहे, अशी मांडणी तुमच्या पत्रात आहे आणि ती सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या केशकर्तनालयांत झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे बोलका आहे. काही दुकानांत केस कापणाऱ्यांनी गिऱ्हाइकांना जीवनशैलीचा सल्ला दिला आणि डॉक्टरांकडे जायला सांगितले. बाकीच्या दुकानांत औषधनिर्माते (फार्मासिस्ट) स्वतः येऊन, डॉक्टरांच्या संमतीने औषधे ठरवत आणि नियमित भेटत राहिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९ मि.मी.ने उतरला होता, दुसऱ्याचा २७ मि.मी.ने. सल्ला वाया गेला नाही, पण औषध आणि पाठपुरावा यांची जोड मिळाली तेव्हा परिणाम तिप्पट झाला. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ग्रामीण भागात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मोजमाप आणि समुपदेशन केले आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा दोन वर्षांनी नेहमीची सेवा मिळालेल्या गटापेक्षा तिथला वरचा आकडा सुमारे ५ मि.मी.ने अधिक उतरलेला होता. पाच मि.मी. क्षुल्लक वाटतात, पण औषधांच्या अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण सांगते की वरचा आकडा पाचने उतरला की हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

तुमच्यापुरते बोलायचे तर आठवडाभराची घरची सरासरी आधी हातात येऊ द्या. ती १३५/८५ च्या खाली असेल, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार नसेल आणि लघवी, रक्त, ईसीजी ठीक असतील, तर गोळीशिवाय काही महिने थांबण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. सरासरी त्याच्या वर असेल, तर तीन महिने आधीच गेले आहेत आणि आणखी सहा महिने वाढलेल्या दाबात घालवण्याचे समर्थन मला करता येत नाही. १५०/९५ च्या वर असेल किंवा वरच्यापैकी एखादा आजार असेल, तर गोळी लगेच सुरू करावी. एकदा सुरू झालेली गोळी जन्मभराचीच असते, असेही नाही. एका गोळीवर रक्तदाब आटोक्यात असलेल्या साठ ते ऐंशी वयाच्या लोकांवरील ‘टोन’ या १९९८ च्या अभ्यासात मीठ कमी केलेल्यांना आणि वजन उतरवलेल्यांना देखरेखीखाली गोळी सोडून राहणे इतरांपेक्षा लक्षणीय जास्त प्रमाणात जमले. देखरेख हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन यांसारखी औषधे अचानक थांबवली तर रक्तदाब उसळून येतो.

बदल एका वेळी एकच घ्या आणि त्याला तारीख द्या. पहिल्या महिन्यात मिठाचे पाकीट आणि वेष्टनावरचे आकडे, दुसऱ्यात चालणे, मग जेवणात भाज्या, फळे, कडधान्ये वाढवणे, असा क्रम बहुतेकांना झेपतो. मापन मात्र रोज करत बसू नका. बदल सुरू करण्याआधी एक आठवडा आणि चार आठवड्यांनी पुन्हा एक आठवडा, एवढे पुरे. सतत मोजणाऱ्याला प्रत्येक चढ-उताराची धास्ती बसते आणि त्या धास्तीनेही आकडा चढतो. एखाद्या वेळी १८०/१२० किंवा त्याहून जास्त आला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधा. त्याच्या जोडीला छातीत दुखणे, धाप, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक नजर अंधुक होणे यांपैकी काही असेल, तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जा.

पुढच्या भेटीला सात दिवसांची नोंदवही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे आणि घरचे यंत्र घेऊन जा. यंत्राचे माप डॉक्टरांच्या यंत्राशी तिथेच ताडून घ्या आणि उठण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचारा: माझे लक्ष्य किती, ते कधीपर्यंत गाठायचे आणि तोपर्यंत मला कोण भेटणार किंवा फोन करणार. ठरलेले तुमच्या शब्दांत परत सांगून दाखवा, आणि बरोबर आलेल्या घरच्या माणसालाही सांगायला लावा.